पायलटच्या चार्टवरची कोरी जागा

सोलापुरात विमान सुरू झाल्यापासून आपल्याकडे प्रत्येक टपरीवर एक तरी एव्हिएशन एक्स्पर्ट बसलेला असतो. विमानतळाजवळच्या होटगी रोडला चहा घेत उभं राहा, आवाज आला की सगळ्यांच्या माना वर आणि कॉमेंट्री सुरू, आज उंचावरनं आलं, आज लई खाली होतं, पायलट नवीन दिसतोय. मागच्या पावसाळ्यात माझे साडू गोव्याहून यायचे होते आणि मेसेज आला की व्हिजिबिलिटी नाही, फ्लाइट लेट. साडू फोनवर तापलेले, म्हणाले, "अहो जीपीएस आहे, कॉम्प्युटर आहे, नकाशा आहे, मग खिडकीतून दिसायलाच कशाला पाहिजे?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मला उत्तर येत नव्हतं एवढंच.

मग गड्ड्याच्या जत्रेला भाचा आला, तो कमर्शियल पायलटचं ट्रेनिंग घेतोय आणि सध्या त्यांचं ढगातून उडायचं शिक्षण चालू आहे. त्याने टॅबवर मला एक चार्ट दाखवला. मी पंचवीस वर्षं चादरीची डिझाईनं ग्राफ पेपरवर काढतोय, त्यामुळे रेघा आणि आकडे बघून घाबरणारा माणूस नाही, पण तो चार्ट बघून मी पाच मिनिटं गप्पच बसलो. आणि नंतर त्याने जे किस्से सांगितले ते ऐकून डोक्यात एकच गोष्ट राहिली, की नकाशा चुकीचा असणं वेगळं आणि नकाशा दोन प्रकारे वाचता येणं वेगळं, आणि दुसरं जास्त डेंजर आहे कारण ते तपासताना सापडत नाही.

आधी बेसिक: ढगात पायलट काय करतो

दिवे गेल्यावर आपण आपल्या घरात अंधारात चालतोच की. पलंगापासून चार पावलं, मग उंबरा, मग डावीकडे हात लावत बाथरूम. आता कल्पना करा की घर दुसऱ्याचं आहे, तुम्ही तिथे पहिल्यांदाच आलाय, आणि हातात फक्त एक चिठ्ठी आहे: दारापासून सरळ सहा पावलं, मग डोकं खाली, मग उजवीकडे तीन. चिठ्ठी ज्याने लिहिली तो आता तिथे नाही.

ती चिठ्ठी म्हणजे इन्स्ट्रुमेंट अप्रोच चार्ट. बाहेर काही दिसत नसताना फक्त काट्यांवर आणि स्क्रीनवर भरवसा ठेवून रनवेपर्यंत कसं यायचं हे त्यावर असतं. पायलट लोक त्याला नुसतं 'प्लेट' म्हणतात. कागद केवढा म्हणाल तर वहीच्या पानापेक्षा थोडा लहान. त्यावर वरती फ्रिक्वेन्सी आणि दिशा यांची एक पट्टी, मध्ये वरून बघितल्यासारखा नकाशा, त्याच्याखाली बाजूने बघितल्यासारखं चित्र म्हणजे विमान पायऱ्या उतरल्यासारखं कसं खाली यायचं ते, त्याला प्रोफाइल म्हणतात, आणि सगळ्यात खाली तो आकडा ज्याच्या खाली रनवे दिसल्याशिवाय जायचंच नाही. तिथपर्यंत आलास, दिसलं नाही, तर इंजिनला पॉवर दे आणि वर जा, वर जाऊन काय करायचं तेही चार्टवरच लिहिलेलं असतं.

साडूंचं उत्तर इथेच आहे. मोठ्या विमानतळावर रनवेवरून रेडिओचा एक किरण थेट विमानाकडे येतो, त्याला आयएलएस म्हणतात, त्याच्या आधाराने विमान बऱ्यापैकी खाली येऊ शकतं. छोट्या विमानतळांवर बहुतेकदा ती सोय नसते, त्यामुळे तो खालचा आकडा जास्त उंच ठेवावा लागतो, काही ठिकाणी तर डोळ्याने दिसलं तरच उतरायचं अशी परवानगी असते. ढग त्या आकड्याच्या खाली उतरले की पायलट कितीही हुशार असू दे, येता येत नाही.

आणि तो आकडा ठरतो कशावर? आजूबाजूला काय काय उभं आहे त्यावर. हे सोलापूरकराला समजावायची गरज नाही. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या को-जनरेशनच्या (वीजनिर्मितीच्या) चिमणीवरून, ती विमानाच्या वाटेत येते म्हणून, आपण वर्षानुवर्षं भांडलो, नव्वद मीटरच्या वरची चिमणी, शेवटी 15 जून 2023 ला पाडली. कोण बरोबर कोण चूक त्यात मी पडत नाही, घरात दोन्ही पार्ट्या आहेत. पण 'ऑब्स्टॅकल', म्हणजे अडथळा, हा शब्द रिक्षावाल्यापासून सगळ्यांना तेव्हाच पाठ झाला.

एक आकडा, चार अर्थ

आता चार्टवर समजा 2100 असं लिहिलंय. कशापासून 2100 फूट? समुद्रसपाटीपासून. पण आपलं सोलापूरच समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फूट उंच आहे, म्हणजे काट्यावर 2100 दिसतंय तेव्हा खालच्या ज्वारीच्या रानापासून विमान फक्त सहाशे फुटांवर आहे. म्हणून काही चार्टवर शेजारी कंसात दुसरा आकडा देतात, जमिनीपासून किती ते. घाईत नजर चुकीच्या आकड्यावर गेली की खेळ खल्लास.

बरं, आकड्याच्या खाली रेघ असेल तर अर्थ 'एवढं किंवा याच्यापेक्षा वर'. आकड्याच्या वर रेघ असेल तर 'एवढं किंवा याच्यापेक्षा खाली'. दोन्हीकडे रेघ असेल तर 'बरोबर एवढंच'. आणि एकही रेघ नसेल तर तो नुसता सल्ला, म्हणजे साधारण एवढ्यावर असलास तर बरं. एका बारीक रेघेवर हुकूम आणि सल्ला यातला फरक उभा आहे! भाच्याने पाठांतरासाठी एका चार्टची झेरॉक्स काढून आणली होती, झेरॉक्सवाल्याकडे टोनर संपत आला असावा, दोन आकड्यांखालच्या रेघा आल्याच नव्हत्या. तो हसला, म्हणाला मामा, हा कागद मी उडताना वापरणार नाही. मला काही हसू आलं नाही.

आमच्या धंद्यात याच्या उलट आहे. जॅकार्डचा, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून डिझाईन विणणाऱ्या मागाचा, ग्राफ असतो ना, त्यावर एक चौकोन म्हणजे एक धागा. रंगवलेला चौकोन म्हणजे कार्डाला भोक पाडायचं, धागा उचलायचा. कोरा चौकोन म्हणजे उचलायचा नाही. कोरा चौकोनसुद्धा हुकूमच आहे, त्याला दुसरा अर्थच नाही. विमानाच्या चार्टवर तसं नाही, तिथे कोरी जागा म्हणजे 'इथे काही नाही' असंही असू शकतं, 'इथलं दाखवायची गरज वाटली नाही' असंही, किंवा 'हा नियम दुसऱ्या पुस्तकात आहे, तुला माहीत असणारच' असंही. वाचणारा आपल्या सवयीप्रमाणे त्यातला एक अर्थ भरतो. बाकी सगळ्या गोष्टी यातूनच सुरू होतात.

डोंगर चित्रात नव्हता

1 डिसेंबर 1974. अमेरिकेत टीडब्ल्यूए कंपनीची फ्लाइट 514 वॉशिंग्टनला चालली होती, शहरातल्या नॅशनल विमानतळावर वारा आडवा आणि जोरात होता म्हणून तिला डलस विमानतळाकडे वळवलं. विमान अजून 44 नॉटिकल मैल लांब होतं (हा मैल आपल्या 1.85 किलोमीटरचा) आणि 7000 फुटांवर होतं, तेव्हा जमिनीवरून रेडिओवर सूचना देणाऱ्या कंट्रोलरने सांगितलं की तुम्हाला रनवे 12 च्या अप्रोचला, म्हणजे त्या रनवेवर यायच्या ठरलेल्या वाटेला, क्लिअर आहे, म्हणजे परवानगी आहे. उंचीबद्दल काही सांगितलं नाही.

कॉकपिटमध्ये प्रश्न पडला की आता किती खाली जायचं. चार्टवरच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे बाजूच्या चित्रात, राउंड हिल नावाच्या पॉइंटपासून पुढचंच दाखवलं होतं आणि तिथे 1800 होतं. त्याच्या अलीकडे काय? चित्र कोरं. वरच्या नकाशात एका दुसऱ्या वाटेवर 3400 लिहिलं होतं, पण विमान त्या वाटेवर नव्हतं. कॅप्टनचं लक्ष त्याकडे गेलं होतं बरं का, रेकॉर्डिंगमध्ये तो म्हणतोय की हा कागद तर राउंड हिलपर्यंत 3400 म्हणतोय, कागदाला एक शिवीवजा विशेषणही लावलंय. मग चर्चा झाली आणि ठरलं की कंट्रोलरने क्लिअर केलं म्हणजे खाली जायला हरकत नाही. विमान 1800 कडे उतरलं, वाऱ्यात थोडं आणखी खाली गेलं, आणि व्हर्जिनियातल्या माउंट वेदर डोंगरावर साधारण 1670 फुटांवर आदळलं. 92 माणसं होती, एकही वाचलं नाही.

कंट्रोलरच्या डोक्यात नियम असा की क्लिअर केलं तरी डोंगरावरून जाताना उंची सांभाळणं पायलटचं काम. पायलटच्या डोक्यात असं की रडारवर बघून तो क्लिअर करतोय म्हणजे खाली काही नाही. दोघंही शिकलेले, दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक. तपास करणाऱ्या बोर्डातसुद्धा एकमत झालं नाही, तीन एका बाजूला दोन दुसऱ्या बाजूला.

यातला मला झोप न लागू देणारा भाग पुढे आहे. सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सच्या एका विमानाने याच ठिकाणी हाच अर्थ लावला होता, थोडक्यात वाचलं, आणि त्या कंपनीने आपल्या पायलटांना सावधही केलं होतं. फक्त आपल्या. टीडब्ल्यूएच्या पायलटपर्यंत ती गोष्ट पोचायला रस्ताच नव्हता. त्यानंतर 1976 मध्ये नासाकडे एक व्यवस्था सुरू झाली, कुठलाही पायलट किंवा कंट्रोलर आपली चूक किंवा गोंधळ लिहून पाठवू शकतो, नाव काढून टाकून ती माहिती सगळ्यांसाठी खुली होते. चालवायला मुद्दाम नासा निवडली, कारण लायसन्स काढून घेणाऱ्याकडेच जाऊन कोण कबूल करेल हो की मी चुकलो. नियमही बदलला: चार्टवर छापलेल्या वाटेवर येईपर्यंत शेवटची सांगितलेली उंची सोडायची नाही.

सिद्धेश्वरला चला म्हणजे नेमकं कुठे

बाहेरगावच्या माणसाने स्टेशनवर रिक्षात बसून नुसतं "सिद्धेश्वर" म्हटलं तर? मंदिर आहे, पेठ आहे, कारखाना आहे, शिवाय मुंबईची रेल्वेपण सिद्धेश्वरच. आपल्याला गोंधळ होत नाही कारण रिक्षावाला माणसाकडे बघून ओळखतो, हातात नारळ आहे का बॅग. कॉम्प्युटर हातातला नारळ बघत नाही.

20 डिसेंबर 1995, अमेरिकन एअरलाइन्सची फ्लाइट 965, मायामीहून कोलंबियातल्या काली शहराला. रात्रीची वेळ, दोन्ही बाजूंना अँडीजचे डोंगर, मधल्या खोऱ्यात विमानतळ. आधीच उशीर झालेला, त्यात कंट्रोलरने विचारलं की वळसा न घालता सरळ समोरच्या रनवेवर येता का. हो म्हणाले. मग घाई, कारण उंची लवकर कमी करायची होती आणि चार्ट नव्याने काढायचा होता. चार्टवर रोझो नावाचा एक रेडिओ बीकन, म्हणजे विमानाला दिशा दाखवणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र, होता, त्याची खूण 'आर' छापलेली. पायलटने कॉम्प्युटरमध्ये 'आर' टाकलं, यादी आली, पहिला निवडला. तो पहिला 'आर' होता बोगोटाजवळचा रोमिओ नावाचा बीकन, शंभरावर मैल लांब. रोझो कॉम्प्युटरमध्ये साठवला होता पूर्ण नावाने. म्हणजे कागदावर एक नाव आणि मशीनमध्ये दुसरं, आणि दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर!

विमान गुपचूप डावीकडे वळलं, डोंगराकडे. लक्षात येऊन परत वळेपर्यंत ते खोऱ्याच्या बाहेर गेलं होतं आणि खाली उतरत होतं. 163 पैकी 159 गेले. पायलटच्या चुका होत्याच, आपण कुठे आहोत हे कळेनासं झाल्यावर वर जायला हवं होतं. पण 2000 साली मायामीच्या ज्युरीने जबाबदारी वाटली तेव्हा 75 टक्के एअरलाइनवर, 17 टक्के डेटा देणाऱ्या जेपसन कंपनीवर आणि 8 टक्के कॉम्प्युटर बनवणाऱ्या हनीवेलवर टाकली. टक्केवारी कशी काढली देव जाणे, पण वाटली हे महत्त्वाचं.

हे जेपसन म्हणजे आधी एका माणसाचं नाव. एलरे जेपसन, अमेरिकेत टपालाची विमानं उडवायचा, 1930 च्या आसपास चार्ट वगैरे काही नसायचं तेव्हा हा एका वहीत टाक्यांची उंची, डोंगर, शेताचा उतार असं स्वतः लिहून ठेवायचा. दुसरे पायलट ती वही मागायला लागले, त्यातून कंपनी झाली. आज जगभरच्या कॉकपिटमध्ये त्यांचे चार्ट असतात. वही होती तेव्हा लिहिणारा आणि वाचणारा एकच होता, म्हणून तिच्यात दोन अर्थ निघत नव्हते.

"रात्री वळसा घालून येण्यास मनाई"

ही गोष्ट चित्राची नाही, शब्दांची. चार्ट छापून झाल्यावर काही बदललं तर एक तातडीची सूचना काढतात, तिला नोटॅम म्हणतात. कोलोराडोतलं ॲस्पेन, चारी बाजूंनी डोंगर, एकच रनवे. 27 मार्च 2001 ला तिथल्या एका अप्रोचसाठी नोटॅम निघाली की रात्री सर्कलिंगला परवानगी नाही. सर्कलिंग म्हणजे विमानतळ दिसल्यावर डोळ्याने बघत वळसा घेऊन रनवेवर येणं.

वाचून काय वाटतं? वळसा नको, सरळ आलं तर चालेल. पण त्या अप्रोचच्या चार्टवर सरळ येण्याचा आकडाच नव्हता, फक्त सर्कलिंगचाच होता. म्हणजे खरा अर्थ होता 'रात्री हा अप्रोच बंद'. मग सरळ तसंच लिहायचं ना! आपल्याकडे बोळाला एकच तोंड असतं आणि पाटी असते की 'पुढच्या बाजूने प्रवेश बंद', माणूस बिचारा मागची बाजू शोधत फिरतो, तसलाच प्रकार. दोन दिवसांनी, 29 मार्चला, अंधार पडताना एक चार्टर गल्फस्ट्रीम जेट तिथे यायला निघालं आणि रनवेच्या अलीकडे कोसळलं, 18 जण गेले. उशीर, प्रवाशांचा आग्रह, बर्फ, बरीच कारणं होती, पण अमेरिकेच्या तपास बोर्डाने नोटॅमच्या अस्पष्ट शब्दांचं नावही कारणांमध्ये घेतलं. आणि ती नोटॅम ॲस्पेनच्या कंट्रोल टॉवरपर्यंत पोचलेलीच नव्हती.

पण मग सगळं चार्टवरच छापा ना?

हा प्रश्न मीही विचारला. डोंगर नव्हता तर डोंगर काढा, नियम नव्हता तर नियम लिहा. भाचा म्हणाला, मामा, तुम्हीच सांगा, एका चादरीवर मोरपण, हत्तीपण, कुयरीपण आणि कंपनीचं नावपण टाकलं तर काय होतं? गप्प बसलो. काहीच दिसत नाही.

खरोखर हाच पेच आहे. वहीच्या पानाएवढा कागद, रात्रीची वेळ, विमान हलतंय, रेडिओवर कुणीतरी बोलतंय, आणि एकदा खाली बघून एक आकडा उचलायला पायलटकडे दोन-तीन सेकंद असतात. प्रत्येक नवीन रेघ जुन्या रेघेला झाकते. काय ठेवायचं यापेक्षा काय गाळायचं हे चार्ट काढणाऱ्याचं अवघड काम आहे, आणि जे गाळलं ते वाचणाऱ्याला 'नाहीच' वाटतं. 24 नोव्हेंबर 2001 ला झुरिकला क्रॉसएअरचं विमान रनवेच्या अलीकडच्या टेकड्यांवर आदळलं, 33 पैकी 24 गेले. कॅप्टन ठरलेल्या उंचीच्या खाली गेला होता हे खरं, पण त्या टेकड्या त्याच्या समोरच्या अप्रोच चार्टवर काढलेल्याच नव्हत्या, हेही रिपोर्टमध्ये नोंदवलं गेलं.

आणि जास्त लिहिलं की काय होतं त्याचं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं. 7 जुलै 2017 च्या रात्री एअर कॅनडाचं विमान रनवेऐवजी शेजारच्या टॅक्सीवेवर, म्हणजे विमानं जमिनीवर ये-जा करतात त्या रस्त्यावर, उतरायला आलं, तिथे चार विमानं भरलेली उभी होती. शेजारचा दुसरा रनवे त्या रात्री बंद आहे (त्यामुळेच पायलटची गफलत झाली) हे पायलटला दिलेल्या कागदांत होतं की, 27 पानांच्या गठ्ठ्यात आठव्या पानावर. शेवटच्या क्षणी ते वर गेलं म्हणून आज ती फक्त एक बोधकथा आहे. बँकेच्या लोनच्या कागदांवर आपण सह्या करतो तेव्हा आठवं पान कोण वाचतं?

जीपीएस आल्यावर हे मिटलं नाही का?

थोडं मिटलं, थोडं नुसतं हललं. टॅबवर आता आपलं विमान चार्टवर सरकताना दिसतं, टोनर संपायची भीती नाही. जगभर चार्टची माहिती ठरलेल्या दर 28 दिवसांच्या चक्राने बदलते, गुरुवारी नवीन लागू होते, सगळीकडे एकाच दिवशी, म्हणजे कागदावर एक आणि कॉम्प्युटरमध्ये दुसरं असं होऊ नये. भारतात मूळ माहिती एअरपोर्ट्स ऑथॉरिटी छापते, कंपन्या त्यावरून आपापल्या पद्धतीने चार्ट काढतात.

पण कॉम्प्युटरला माहिती त्याच मूळ कागदातून जाते. कागदावर दोन अर्थ असतील तर कुणीतरी ऑफिसात बसून त्यातला एक निवडून मशीनमध्ये टाकतो आणि पायलटला कळतही नाही की इथे निवड झाली होती. कागदावर निदान शंका तरी यायची.

शिवाय नियमांची पुस्तकंही जगात एक नाहीत. मघाशी जो सर्कलिंगचा वळसा सांगितला, मध्यम आकाराच्या जेटसाठी तो किती मोठा घेतला तरी खाली अडथळा नाही याची हमी आहे, याचं उत्तर भारतासकट बहुतेक जग वापरतं त्या पद्धतीत 4.2 नॉटिकल मैल आहे, आणि अमेरिकेच्या जुन्या पद्धतीत 1.7. चार्ट जवळजवळ सारखेच दिसतात! आपल्याकडे शिकलेला पायलट दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे काढलेल्या चार्टवर आपल्या सवयीचा मोठा वळसा घेऊन गेला तर तो हमीच्या बाहेर कधी गेला हे चार्ट सांगत नाही.

शेवटी वाचणाऱ्याचीच चूक ना?

कट्ट्यावर हाच सूर असतो, एवढा पगार घेतात, नीट वाचता येत नाही का. मी पण आधी असाच होतो, कारण आमच्याकडे चादर बिघडली की पहिला मार कार्ड पाडणाऱ्याला.

28 सप्टेंबर 1992 ला काठमांडूला पाकिस्तानच्या पीआयए कंपनीचं एअरबस डोंगरावर आदळलं, 167 जण गेले. तिथे विमानाला पायऱ्या-पायऱ्यांनी उतरायचं होतं, इतक्या मैलांवर इतकी उंची, पुढच्या मैलावर पुढची. हे विमान बराच वेळ एक पायरी पुढची उंची आधीच घेत होतं. म्हणजे वाचलं सगळं, आकडे सगळे बरोबर, फक्त आकड्याची जोडी एक घर सरकली. रांगेतले आकडे बोटाने बघताना बोट एक ओळ खाली जातं तसं. आळशी माणसाची चूक अशी नसते, ही चूक मन लावून वाचणाऱ्याकडून होते, आणि ती होईल की नाही हे आकडे कागदावर कुठे ठेवलेत यावर बरंच अवलंबून असतं.

मग विमानात बसायचं का नाही?

बसा की. साडू दर महिन्याला बसतात. वरच्या गोष्टी भीती घालायला सांगितल्या नाहीत, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकीनंतर काहीतरी बदललंय. डॉन बेटमन नावाच्या इंजिनिअरने कॉकपिटमध्ये ओरडणारं यंत्र बनवलं, जमीन जवळ येतेय, वर जा. टीडब्ल्यूए 514 नंतर ते अमेरिकेत सक्तीचं झालं, आणि कालीनंतर त्याची पुढची पिढी आली, तिच्या पोटात जगभरच्या डोंगरांचा नकाशाच असतो, त्यामुळे डोंगर खाली आल्यावर नाही, समोर असतानाच ओरडते. चांगल्या विमानाने डोंगरावर जाऊन आदळायचे प्रकार त्याने खूप कमी झाले. पायऱ्या-पायऱ्यांनी उतरण्याऐवजी एकाच सलग उताराने यायची पद्धत आता शिकवतात, पायऱ्याच नसतील तर पायरी चुकणार कशी. आणि अप्रोच सुरू करण्याआधी दोन्ही पायलटांनी चार्ट एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवायचा, दोघांनी दोन अर्थ काढले तर तिथेच भांडण व्हावं म्हणून.

होटगी रोडच्या एक्स्पर्ट मंडळींना एक विनंती मात्र आहे. विमान खाली येऊन परत वर गेलं तर "घाबरला बघ" म्हणू नका, तो चार्टवरचा सगळ्यात खालचा आकडा पाळतोय.

भाचा गेल्यावर मी कारखान्यात एक वही ठेवली. आमच्याकडे कार्डं पाडायला एक अण्णा आहेत, माझ्या आधीपासूनचे, त्यांना म्हटलं अण्णा, माझ्या ग्राफमध्ये जिथे तुम्हाला थांबून विचार करावा लागतो तिथे फक्त लिहून ठेवा, चूक तुमची का माझी ते नको. अण्णा म्हणाले बघू. आठ दिवसांनी वही उघडली तर अकरा नोंदी, त्यातल्या नऊ माझ्याच अक्षराबद्दल. पहिलीच होती: "साहेब, हे 6 आहे का 9? मी गेली दोन वर्षं 9 धरतोय."